सूतभर

माझा डावा पाय उजव्यापेक्षा पाऊण इंच आखूड.
लंगडते हे सगळ्या धुळ्याला दिसायचं,
किती, हे मात्र तिघांनाच ठाऊक :
आईला, मला,
आणि चौथ्या गल्लीच्या तोंडाशी
पिठाच्या गिरणीला पाठ लावून बसणाऱ्या
सुपडू अहिरेला.

सातवीत होते.
त्याने माझी चप्पल उलटी केली,
काडेपेटीतली काडी मोडून टाचेखाली धरली,
अर्धी, मग त्याहून जरा जास्त,
मग ट्रकच्या टायरचा तुकडा रापीने सोलत सोलत
तळाच्या दोन पदरांत असा दडवला
की बाहेरून कळू नये.
'पाय सरळच शे तुना,' म्हणाला, 'रस्ता वाकडा शे.'

खोटं होतं.
पण तीन रुपयांत एवढं खोटं
मला पुढे कोणी दिलं नाही.

तो मान वर करायचाच नाही.
त्याला गाव गुडघ्याखालून ओळखू यायचं.
पोस्टमन बागूल उजवी टाच आधी खातो,
शिरपूर गाडीचा कंडक्टर अंगठ्यावर झुकतो.
ज्या मास्तरची लेक निघून गेली
त्याचे बूट महिन्यात एका अंगाने झिजले;
सुपडूने टाच बसवून दिली,
बोलला नाही कोणाला.
(मला बोलला. पण मी तेव्हा लहान होते,
म्हणजे कोणीच नव्हते.)

एकदम काही संपलं नाही.
ओतलेले बूट आले, एकसंध,
त्यांना शिवणच नाही,
मग आरी घालायची कुठे?
अंगठा तुटला की लोक चप्पल
पांझरेच्या कोरड्या पात्रात भिरकवू लागले.
दुपारी जावं तर सुपडू
स्वतःचीच चप्पल शिवत बसलेला,
कुंडीतल्या पाण्यात चामड्याऐवजी
गिरणीचं पीठ तरंगत असलेलं.
पोरगा सुरतेला, उधन्याला, मागावर.
मग एका दिवाळीनंतर तिथे
मोबाईलची कव्हरं टांगलेली दिसली.
छत्रीची दांडी रोवायचा खड्डा
तेवढा फरशीत राहिलाय.
त्यात कोणीतरी चहाचे कप कोंबतं.

नव्या दुकानात थंडगार हवा.
पोरगा म्हणाला, मॅडम, पेअर बदलून देतो.
मी म्हटलं, बाळा, पेअरच तर नाहीये.
त्याला कळलं नाही. त्याचंही काय चुकलं?

मे महिन्यात देवपूरला गेले, विचारत विचारत.
अंगणात शहाबादी फरशी, बाजेवर सुपडू,
दोन्ही डोळ्यांवर सायीसारखं काही.
झुंबरबाईने पाणी दिलं, नाव सांगितलं माझं,
त्याला नावाने काही आठवेना.
म्हणाला, 'अठून तठलगून चाल बरं.'

चालले.
टक्. टप्प. टक्. टप्प.
भिंतीपर्यंत जाऊन वळले
तोवर तो हसत होता.
'पाऊन इंचवाली!
डावं रबर सूतभर घासाई गयं.'

हात थरथरतात त्याचे, रापी धरवत नाही.
मग पन्नास वर्षांची मी मास्तरीण
उन्हातल्या फरशीवर मांडी घालून
टायर सोलत बसले,
आणि तो बाजेवरून, बोटाने चाचपत,
'आखो थोडं. आखो.'
एकदा वाकडं गेलं, एकदा बोट कापलं.
'बस,' म्हणाला.

पुन्हा चालायला लावलं.
त्याने मान एका बाजूला कलती केली,
पोळीवर ताव बरोबर बसलाय का
हे बायका जशा वासावरून ओळखतात, तशी.
काही बोलला नाही.
म्हणजे जमलं असावं.

आई जाऊन अकरा वर्षं झाली.
माप आता दोघांनाच ठाऊक.

निघताना विचारलं, किती झाले?
'तीन रुप्या.'
पर्स उलटीपालटी केली,
पाचशेची नोट, कार्ड, पोळपाटाची पावती.
सुट्टे नव्हते.

द्यायचे आहेत अजून.